परागची हकालपट्टी

परागला घरातून हाकललं. निदान टावर चौकातल्या सायबर कॅफेतून त्यानं आपल्या कट्टर गटाला तसं कळवलं. घरी तसलं काही झालंच नव्हतं.

"हिटलर छापलेला शर्ट घालून उघड फिर," गटप्रमुखानं चॅटवर फर्मावलं होतं. "सगळे थुंकले, घरचं दारही बंद झालं, की तू कायमचा आमचा."

आता गटप्रमुखाला संशय आला. त्यानं थेट परागच्या घरी फोन लावला.

"पराग जेवतोय बेटा," आई म्हणाली. "त्याचा हिटलर भिजत घातलाय, रंग सोडतोय मेला. तुझं झालं का जेवण?"

गटानं परागला खबरी ठरवलं आणि हकालपट्टीचा लेखी पुरावा मागितला.



संध्याकाळी बाबा बँकेतून आले, तेव्हा पराग हात जोडून उभा होता. "सविनय विनंती, की अर्जदारास तत्काळ घराबाहेर काढून तसा दाखला मिळावा."