मुकादमाचा चेहरा

"ताई, आज चेहऱ्याकडे जरा नीट लक्ष द्या," तो आरशासमोर बसत म्हणाला. "आज दिसणार आहे."

रंगभूषा करणाऱ्या ताईंनी त्याच्या गालावर पावडर टेकवली. सिनेमाच्या मागच्या तीन भागांत त्यांनी या माणसाला फक्त मुखवटा चढवला होता. पांढराफटक मुखवटा, हातात लांब सुरा. पडद्यावर तो अंधारातून सावकाश चालत आला की थिएटरात भलेभले डोळ्यांवर हात घेत. पण तीन भाग मिळून त्याच्या तोंडी एक शब्द नव्हता. मुका, म्हणून सगळे त्याला 'मुकादम' म्हणत.

चौथ्या भागाच्या शेवटी मात्र मुखवटा उतरणार होता. खुनी घरी येतो, दार वाजवतो. म्हातारी आई दार उघडते. तो मुखवटा काढतो आणि म्हणतो, "आई, मी दमलोय."

"तीनच शब्द आहेत," तो म्हणाला. "पण बघा हं."

आरशात बघत त्याने ते म्हणून दाखवले. ताईंचा हात थांबला. एवढे खून केलेल्या माणसाला पोटाशी धरावं, असं त्यांना वाटून गेलं.

"तो मीच, हे मुलीच्या सासरी कोणाला पटतच नाही हो," तो सांगू लागला. "व्याही म्हणतात, मुखवट्याआड काय, कोणीही असेल. पोरगी बिचारी गप्प बसते. या वेळी तिला म्हटलं, पहिल्याच दिवशी सगळ्यांना घेऊन जा. मग बघू काय म्हणतात ते."

आईचं काम करणाऱ्या बाईंचे केस ताईंनीच सकाळी पांढरे केले होते. तेव्हा त्या बाईंनी आपले संवाद हसत हसत म्हणून दाखवले होते. हा भाग भीतीचा नव्हताच. लोक आता घाबरत नाहीत तर हसवू त्यांना, असं निर्मात्याने ठरवलं होतं. मुकादमाला बोलायचं नसे, त्यामुळे संहिता त्याच्या हाती कधी येतच नसे. याही वेळी त्याने चाल म्हटलं की चालायचं, सुरा उगार म्हटलं की उगारायचा, एवढंच केलं होतं. आणि दिग्दर्शकाने सगळ्यांना बजावलं होतं, याला कळू देऊ नका. त्याने खरं केलं, तरच हशा येईल.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "तुम्ही दमलोय म्हटल्यावर आई काय म्हणते, ठाऊक आहे?"

"काय म्हणणार? जवळ घेत असेल."

"म्हणते, मेल्या, सुरा घेऊन गेलास तो गेलास, मी भाजी कशाने चिरू?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे विनोदी आहे?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि मी?"

ताईंनी पावडरीचा डबा बंद केला. "तुमच्यावरच हसणार आहेत, भाऊ. व्याही शेजारी बसलेले असतील. म्हटलं, निदान आधी माहीत असावं."

तो खांदे सरळ करून उठला. "बरं केलंत सांगितलंत. हसवायचंच असेल तर तसं करू. शाळेत अख्खा वर्ग हसवायचो मी."

सेटवरचं दार उघडलं, दिवे लागले, त्याने मुखवटा काढला. डोळे तिरळे केले, खालचा ओठ लोंबवला, आणि चिरक्या आवाजात तो म्हणाला, "आई गं, मी दमलोय!"

कोणी हसलं नाही. दिवेवाला जमिनीकडे बघू लागला.

"काका, हे काय?" तरुण दिग्दर्शक खुर्चीतून उठला. मग बाकीच्यांकडे वळला. "कोणी सांगितलं यांना?"

ताई भिंतीला लागून उभ्या होत्या.

"कोणी नाही," मुकादम म्हणाला. "मला आपलं वाटलं, थोडी गंमत करावी."

"गंमत आमच्यावर सोडा. तुम्ही तुमचं नेहमीचं करा."

त्याने पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. पण आता ते तीन शब्द ओठांवर आले की त्याची नजर आपोआप बाजूला जाई, कोण हसतंय ते बघायला. आई झालेल्या बाईंनी त्याचा हात धरला. "अहो, मी खरीच आई आहे असं समजा ना," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. तरी जमेना. त्याला धड रडवता येईना, धड हसवता येईना.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"काढूच नका मुखवटा! काढायला जातो आणि निघतच नाही. आई ओढते, शेजारीण ओढते, सगळी आळी ओढते, तरी निघत नाही! आवाज काय, नंतर दुसऱ्या कोणाचा घालू."

आता मात्र सगळे हसले. दिवेवाला तर पोट धरून हसला.

"ताई, पक्का बसवा हं. ओढाताणीत निसटता कामा नये."

ताईंनी त्याला पुन्हा खोलीत नेलं. मिशा चिकटवायचा गम काढला, त्याच्या गालांना लावला आणि मुखवटा वर दाबून धरला. हात काढताच कड सुटली. त्यांनी कापसाने त्याच्या डोळ्यांखालून गाल कोरडे केले. पुन्हा गम लावला, पुन्हा दाबलं. पुन्हा सुटली.

"ताई, आटपा की!" दारातून हाक आली. "सगळे खोळंबलेत."

"आले," म्हणत ताईंनी नवा कापूस घेतला. "घाम आलाय त्यांना."