बोटीवरचा तरुण

कोल्हापूरच्या लघुपट महोत्सवात यंदा कॅमेऱ्याने टिपलेला एकही लघुपट नव्हता. सगळे थेट माणसांच्या आठवणींतून उतरवून घेतलेले होते. तिघे परीक्षक सकाळपासून ते पाहत होते.

दुपारी रत्नागिरीच्या एका मुलीचा लघुपट लागला. त्यात ती लहान होती आणि आजोबांबरोबर फेरीबोटीने खाडी ओलांडत होती. आजोबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. इतक्यात बाकावरचा एक तरुण उठून म्हणाला, "या आजोबा, इथे टेका." तो मुलीला नीट आठवत नसावा. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग होता.

त्याचा आवाज ऐकताच परीक्षक हेमांगीताईंच्या हातातलं पेन गळून पडलं.

लघुपट संपल्यावर अध्यक्ष कामत म्हणाले, "सुरेख आहे. फक्त तो बिनचेहऱ्याचा माणूस खटकतो. कापायला हवा होता."

"तो माझा निहार आहे," हेमांगीताई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा अपघातात गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. कामत हळूच म्हणाले, "ताई, घरचं माणूस असलं, तर या लघुपटाला तुम्हाला गुण देता येणार नाहीत."

"नाही देत. फोटो पुष्कळ आहेत हो माझ्याकडे. आवाजच आठवेनासा झाला होता. तेवढं एक वाक्य पुन्हा लावाल?"

कामतांनी ते लावलं. हेमांगीताई डोळे मिटून ऐकत राहिल्या.