२००९ सालचं दूध

“आवं मामी, २००९ सालचं दूध मी कसं नेऊ?” दुधाच्या गाडीवरच्या लालासाहेबानं पावती रंगुबाईच्या नाकासमोर धरली.

“कॅनला हात लावून बघ. अजून कोमट हाय. न्हाईतर म्हशीला इचार, कवा दिलं ते!”

दूध केंद्र रंगुबाईच्या ओसरीतच होतं. सहा कॅन भरलेले, ऊन उंबऱ्याला टेकलेलं. आजच्या तारखेची पावती नसली तर डेअरी दूध उतरवून घेत नव्हती. सून मंगल सकाळपासून तिसऱ्यांदा तारीख घालत होती. लाइट जायची, यायची, आणि कॉम्प्युटर पुन्हा १ जानेवारी २००९ वर जाऊन बसायचा.

“तीनदा सांगून इसरतंय. माणूस असतं तर दोन ठेवून दिल्या असत्या,” रंगुबाई फणकारली.

शेवटी मंगलनं सांगलीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आतला गोल सेल संपलाय,” तो म्हणाला. “लाइट नसताना तारीख तोच सांभाळतो. रोज रात्री पिन काढून ठेवता का? त्यानं सेल लवकर संपतो.”

मंगलनं सासूकडं बघितलं. रंगुबाई भिंतीकडं बघायला लागली. पिन तीच काढायची. वर सुनेलाच ऐकवायची, “रातभर चालू ठिवून ते काय धार काढणार हाय?”

“सेल बटनाएवढा असतो. दुकानात मिळेल,” कॉम्प्युटरवाला म्हणाला.

“दुकान धाला उघडतंय,” लालासाहेब म्हणाला. “मी पाच मिनिटं थांबतो, मामी. पुढं चार गावं हायत.”

रंगुबाई उठली. कोनाड्यात बिरोबाच्या फोटोपुढं प्लास्टिकची पणती लुकलुकत होती. जत्रेतनं तिनंच आणलेली. देवापुढं अंधार नको म्हणून कुणाला हात लावू द्यायची नाही. तिनं पणती उपडी केली, नखानं झाकण उचकटलं.

“ह्योच का गं?”

मंगलनं कॉम्प्युटरचा डबा उघडून सेल बसवला, तारीख घातली. पावती निघायच्या आत लाइट गेली.

लाइट आली. पडद्यावर आजचीच तारीख होती.

गाडी गेल्यावर मंगल तेलाची बाटली घेऊन आली. रंगुबाई कोनाड्यापुढं बसून कापसाची वात वळत होती.

“तुझ्या दिव्याचं मी बघती,” ती फोटोला सांगत होती. “पिनंचं आता मंगल बघंल.”