खुर्चीचा आवाज

“ही बोलत का नाही रे?” टीव्हीतल्या खुर्चीकडे बोट दाखवत पप्पांनी इनासला विचारलं.

नाताळचा जुना, गाजलेला सिनेमा चालू होता. त्यातला म्हातारा सणाच्या जेवणाला मेलेल्या बायकोचंही ताट वाढतो आणि तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. इनासच्या विनोदी कार्टून मालिकेनं याच प्रसंगाची टर उडवली होती. तिथे खुर्चीच म्हाताऱ्याला फैलावर घेते. खुर्चीला आवाज इनासनंच दिला होता, वारलेल्या आईची हुबेहूब नक्कल करून. पप्पा तो भाग रोज लावत, पण कधी हसत नसत. त्यांना राग आलाय की काय, इनासला उमगत नव्हतं.

“पप्पा, खरा सिनेमा हा. यात ती बोलत नाही.”

पप्पांनी गोंधळून रिमोट त्याच्या हातात दिला.

“मग आपला खोटाच लाव.”