उजवा खिळा

सुनेनं दारासाठी नवी पाटी करायला घेतली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ती मासिकांच्या मथळ्यांची अक्षरं रेखाटते. हातात कला आहे, नाही म्हणत नाही. पण जुन्या पाटीत काय वाईट होतं? तिरकी आहे, एवढंच ना. ह्यांनी स्वतः खिळे ठोकले आणि उजवा दोन बोटं वर गेला. हे गेल्यापासून त्या खिळ्यांना मी कुणाला हात लावू दिलेला नाही.

परवा सूनबाई दारात उभ्या राहून जुन्या पाटीला कोनमापक लावत होत्या. मला पाहताच तो पाठीमागे लपवला. म्हटलं, झालं, आता खिळ्यांवर गदा येणार. मी गुपचूप हातोडी उचलली आणि माझ्या गादीखाली सारली.

आज पाटी आली. तिच्यावर ह्यांचं नाव. रेघा कुठे जाडजूड, तर कुठे केसासारख्या बारीक, टोकांना इवली इवली पावलं, आणि सगळी अक्षरं उजवीकडे कललेली.

"अगं, ही तर पडायला आलीत," मी म्हटलं.

"मुद्दामच तशी काढलीत, आई."

मुद्दाम म्हणे. मी आधीच सांगून टाकलं, "हातोडी सापडत नाहीये हं."

"हातोडी कशाला हवी?"

 

तिनं जुनी पाटी उतरवली आणि नवी त्याच दोन खिळ्यांना अडकवली. पाटी तिरकीच राहिली, आणि ह्यांच्या नावातलं अक्षर न् अक्षर सरळ उभं राहिलं.