शेपटीवर बसलेलं विमान

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी आमच्या ह्यांना विमानाची छोटी प्रतिकृती दिली. टेबलावर ठेवताच ती शेपटीवर बसली आणि पुढचं चाक हवेत गेलं. सगळे हसले. साहेबांनी शेपटीखाली काड्यापेटी सरकवली. “चालतंय हो, शोभेचीच वस्तू आहे!” ह्यांचे कान लाल झाले. “साहेब, एकतीस वर्षं मी तुमची विमानं दुरुस्त केली. असं एकही हँगरबाहेर सोडलं नाही. ह्याच्या नाकात वजनच घातलेलं नाही!” ह्यांनी विमानाच्या नाकाची टोपी उपसली, छातीवर नुकताच लावलेला कंपनीचा पितळी बिल्ला काढून आत कोंबला आणि टोपी बसवली. विमान तिन्ही चाकांवर अलगद टेकलं. “आता हे पुढच्या निवृत्त माणसाला द्या. त्याचा तरी अपमान नको,” म्हणत हे रिकाम्या हातांनी व्यासपीठावरून खाली उतरले. मीही पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि ह्यांच्यामागे निघाले.