अठराव्या मजल्यावरचं सांबर

मृणालिनी चार महिने सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात फिरली होती. तिथल्या प्राण्यांचा अहवाल तिनेच लिहिला होता. परळच्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, तिच्या साहेबांनी, कर्णिकांनी, तो तिच्यासमोर सरकवला. सांबरं, गवे, बिबटे सगळे त्यांनी खोडले होते. जंगलातून रस्ता जायचा होता.

"सही कर," कर्णिक म्हणाले. "तिथे काहीही राहत नाही."

"सर, मी डोळ्यांनी पाहिलंय! खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये सांबर ओरडलं. भोंग्यासारखी एकच हाक. जंगलात तिने ती कितीदा ऐकली होती. शिकारी जनावर जवळ आल्याशिवाय सांबर तसं ओरडत नाही.

"मोबाइल बंद कर तुझा," कर्णिक वैतागले.

"बंदच आहे."

दुसरी हाक दाराशी आली. तिने दार उघडलं. भरदुपारी सगळे काम करत होते, कुणी मानसुद्धा वर केली नाही.

तिसरी हाक खोलीत, अगदी तिच्या बाजूला आली. गालाला गरम, ओला श्वास लागला. फरशीवर खूर आपटला. कर्णिक पांढरेफटक पडले. ते तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

सांबर ज्याला भितं, त्याच्याकडे तोंड करून ओरडतं. मृणालिनीने समोर पाहिलं. कर्णिकांच्या डोक्यामागे, खुर्चीच्या पाठीवरचं कातडं हळूहळू खाली दबत होतं, बिबट्याच्या पंजाएवढं.

'सर, उठा,' एवढंच म्हणायचं होतं.

रागाने तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने ते उघडले नाहीत.